एकच हुन्नर की थोडं थोडं सगळं: पात्रबांधणीच्या वादामागचा हिशेब

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत रंगवायच्या गोष्टीचा) नवा डाव ठरला आणि सगळे पात्रं बनवायला बसले, की एक वाद हमखास निघतो. पात्र एकाच कामात तरबेज करायचं, की चार कामं बऱ्यापैकी जमणारं अष्टपैलू? पहिल्या पंथाला दुसरे 'मिन-मॅक्सर' (एक बाजू कमाल करण्यासाठी बाकीच्या किमान ठेवणारे) म्हणून हिणवतात, आणि पहिले दुसऱ्यांची पात्रं कुचकामी ठरवून मोकळे होतात. बोलणं असं चालतं, जणू हा निव्वळ स्वभावाचा प्रश्न आहे. गेल्या पन्नास वर्षांची नियमपुस्तकं चाळली तर मात्र वेगळंच दिसतं. खेळाडू फासे हातात घेण्याआधीच पुस्तकातल्या किमतीच्या तक्त्याने (कोणती क्षमता किती पॉइंटांना) निम्मा निकाल लावून ठेवलेला असतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तेव्हा हा वाद संभवतच नव्हता. फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक असे तीनच क्लास, म्हणजे पात्राचे पेशे. शक्ती, बुद्धी असे गुण तीन फाशांवर आणि तेही ठरलेल्या क्रमाने, म्हणजे पात्र 'बांधायचं' नव्हतं, मिळेल ते घ्यायचं होतं. अष्टपैलू असायचा तो अख्खा चमू, त्यातला एकेक जण नव्हे. दबकत चालणं, सापळा शोधणं या गोष्टी कोणीही करून बघायचा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत थीफ हा क्लास आला आणि याच कामांना टक्केवारी चिकटली. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, थीफला सावलीत लपण्याची संधी १० टक्के! आता ज्याच्या कागदावर ती टक्केवारी नाही, त्याने प्रयत्न तरी करावा का? तज्ज्ञ एकाला मिळाला आणि बाकीच्यांकडून एक साधी गोष्ट काढून घेतली गेली. ही तक्रार आजही ऐकू येते, आणि मला ती रास्त वाटते.

१९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत एल्फसारख्या मानवेतर वंशांना एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवायची मुभा होती. लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट त्या क्लासांत समान वाटले जायचे. ऐकायला ही मोठी शिक्षा वाटते. पण सुरुवातीच्या बऱ्याच टप्प्यात पुढच्या लेव्हलला लागणारे पॉइंट जवळपास दुप्पट होत जायचे. फायटरला तिसऱ्या लेव्हलसाठी सुमारे ४,००० आणि चौथीसाठी ८,०००. त्यामुळे अर्धे पॉइंट दुसरीकडे देणारा फारतर एक लेव्हल मागे राहायचा. दोन विद्या जवळपास एकीच्या भावात. हे फुकटचं दान आवरत होती ती वंशानुसार लेव्हलची कमाल मर्यादा.

त्याच वर्षी केऑसियमच्या 'रूनक्वेस्ट'ने क्लासच काढून टाकले. जे कौशल्य वापराल ते वाढेल. सत्र संपल्यावर, आहे त्या टक्केवारीच्या वर फासा पडला तरच सुधारणा, म्हणजे ढोबळमानाने ३० टक्केवाला भराभर शिकणार आणि ८० टक्केवाला रखडणार. असा नियम पात्राला आपोआप अष्टपैलूपणाकडे ढकलतो. फार ढकलतो, खरं तर: खेळाडू प्रत्येक शस्त्राच्या कौशल्यापुढे ते वापरल्याची खूण मिळावी म्हणून लढाईत सारखी शस्त्रं बदलू लागले. शस्त्रांची पिशवी घेऊन फिरणाऱ्या या पात्रांमुळे त्या प्रकाराला 'गोल्फ बॅग' असं नाव पडलं.

खरी बांधणी आली ती ठरावीक पॉइंट खर्चून क्षमता विकत घेण्याच्या पद्धतीबरोबर. 'चॅम्पियन्स' (१९८१) आणि स्टीव्ह जॅक्सन यांचा 'गर्प्स' (१९८६) ही तिची ठळक नावं. गर्प्समध्ये तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली पाहिजे. कौशल्य १० वरून ११ वर नेलं तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून ६२.५ वर जाते. १५ वरून १६ वर नेलं तर वाढ तीन टक्क्यांहूनही कमी. त्यातच जुन्या आवृत्त्यांत मूळ गुणांची किंमतही चढती होती: ११ साठी १० पॉइंट, १३ साठी ३०, १५ साठी ६०. फासे आणि भाव दोघेही एकाच बाजूने बोलत होते, की टोकाला जाऊ नका. तरी लोक गेलेच, कारण शत्रूच्या कौशल्यामुळे किंवा अवघड कामामुळे आपल्या आकड्यातून वजाबाकी होते तेव्हा तोच फाजील वाटणारा आकडा उपयोगी पडतो.

सगळ्यात बोलका घोटाळा मात्र 'व्हॅम्पायर: द मास्करेड'चा. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत पात्र बनवताना मिळणाऱ्या मोकळ्या पॉइंटांतून कौशल्याचा कुठलाही ठिपका (म्हणजे एकेक पातळी) दोन पॉइंटांना पडे, पहिला असो की पाचवा. खेळ सुरू झाल्यावर अनुभवातून घ्यायचं तर नवं कौशल्य तीनला आणि पुढचा प्रत्येक ठिपका असलेल्या ठिपक्यांच्या दुप्पट किमतीला. एकाने मोकळे १० पॉइंट एका कौशल्यात पाच ठिपक्यांवर घातले आणि नंतर पाच नवी कौशल्यं घेतली: १५ अनुभव. दुसऱ्याने आधी पाच कौशल्यं एकेका ठिपक्याची घेतली आणि नंतर सहावं शून्यातून पाचवर नेलं: २३. शेवटी दोघांचे कागद हुबेहूब सारखे, पण अष्टपैलू माणसाने आठ पॉइंट जास्त मोजले. व्यक्तिरेखा आणि कथा यांचं कौतुक करणाऱ्या खेळात एकांगीपणाला सूट मिळावी, हा विनोदच म्हणायचा.

२००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने कोणालाही कोणत्याही लेव्हलला क्लास बदलायची मोकळीक दिली, आणि इथे जुनं गणित उलटं झालं. आता वाटले जायचे ते अनुभवाचे पॉइंट नव्हे, लेव्हलच. दहा लेव्हल फायटर आणि दहा लेव्हल विझार्ड असलेल्याच्या हाती पाचव्या पातळीचे मंत्र, तर शुद्ध विझार्डकडे नवव्या. कौशल्यांतही दरी रुंदावत गेली. विसाव्या लेव्हलला तज्ज्ञाकडे २३ रँक, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायचे २३. एकूण २५ लागणारं आव्हान त्याला चुटकीसरशी जमतं, आणि ज्याच्याकडे कोणतीच बेरीज नाही त्याला वीस बाजूंच्या फाशावर ते अशक्य. एकाच्या मापाचं आव्हान ठेवलं की बाकीच्यांनी नुसतं बघायचं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही दरी मुद्दाम बुजवली: प्रावीण्याची बेरीज पहिल्या लेव्हलला २ आणि सर्वांत वर ६. तज्ज्ञ पुढे राहतो, पण नवख्याचा फासाही वाया जात नाही.

काहींनी प्रश्न पुन्हा चमूकडे नेला. रॉबिन लॉज यांच्या रहस्य उलगडायच्या गमशू पद्धतीत (२००७) तपासाच्या कौशल्यांसाठी मिळणारे पॉइंट खेळाडूंच्या संख्येवर अवलंबून असतात. माणसं कमी तर प्रत्येकाला जास्त, म्हणजे सगळी क्षेत्रं मिळून भरली जावीत. मूळ वादातली बरीच हवा इथेच निघून जाते. सहा जणांच्या टेबलावर शोभणारा तज्ज्ञ दोघांच्या टेबलावर लंगडा पडतो, आणि त्यात त्याच्या स्वभावाचा काही संबंध नसतो. 'फेट कोअर'ने (२०१३) तर आकारच बांधून दिला: सर्वोच्च पातळीचं एक कौशल्य, त्याखाली दोन, मग तीन, मग चार. शिखर हवं तर पाया घ्यावाच लागेल.

व्हॅम्पायरच्या घराण्यातला तो जुना घोटाळाही निस्तरला गेला, दोन निरनिराळ्या वाटांनी. त्याच कुळातल्या 'क्रॉनिकल्स ऑफ डार्कनेस'ने २०१३ पासून अनुभवातली किंमतही सपाट केली. व्हॅम्पायरच्या पाचव्या आवृत्तीने (२०१८) चढती किंमत ठेवली, पण मोकळी खरेदी जवळजवळ बंद करून कौशल्यांचे तीन तयार संच दिले: हरफनमौला, संतुलित आणि तज्ज्ञ. ठिपके मोजले तर ते अनुक्रमे २९, २६ आणि २२ भरतात, म्हणजे तज्ज्ञावर अन्याय झालासा वाटतो. पण प्रत्येक ठिपक्याला नव्या पातळीच्या तिप्पट, हा त्याच पुस्तकातला अनुभवाचा भाव लावून बेरीज करा: तिन्ही संचांची किंमत बरोबर १२० येते.