बांबूचे सूर कोणी ठरवायचे? कालिंगा वाद्यांच्या वादाची पार्श्वभूमी

फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेकडचा कॉर्डिलेरा डोंगराळ पट्टा स्पॅनिश राजवटीला कधीच पूर्णपणे ताब्यात घेता आला नाही. तिथल्या कालिंगा या आदिवासी समाजाच्या गावांतलं बांबूवादन चर्चच्या संगीतापासून बरंच दूर राहिलं ते त्यामुळे. सखल भागात चित्र वेगळं होतं. मनिलाजवळच्या लास पिन्यास इथे 1824 साली बांबूच्या नळ्यांचा ऑर्गन पूर्ण झाला, तो युरोपीय सप्तकात. बांबूला बाहेरचे सूर लावण्याची सुरुवात म्हणूनच जुनी आहे, पण कालिंगा वाद्यं अशा सुरांत लावावीत का, यावरून आज जो वाद होतो तो 1960 च्या दशकानंतरचा.

वादाचं कारण कळायचं तर वाद्यं कशी वाजतात ते पाहायला हवं. तोंगातोंग म्हणजे खालच्या पेराशी बंद असलेली बांबूची नळी. ती जमिनीवर आपटायची आणि दुसऱ्या हाताने वरचं तोंड झाकायचं किंवा उघडायचं. आजाऱ्यासाठीच्या विधीतही ती वाजवत. बालिंगबिंगच्या वरच्या टोकाला दोन लांब जिभा काढलेल्या असतात. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागावर आपटलं की त्या झणझणतात, आणि मुठीजवळचं भोक बोटाने झाकलं की नाद बदलतो. साधारण सहा जण वाजवतात. प्रत्येकाकडे एकच नळी आणि स्वतःचा ठेका. ठेके एकमेकांत गुंतले की जी धून ऐकू येते, ती सहांपैकी कोणीही एकट्याने वाजवलेली नसते. गान्सा या धातूच्या सपाट थाळ्यांवरही असंच वाजवतात. फरक इतकाच की गान्सा पिढीजात ठेव असते, बांबू बेटातून तोडून आणता येतो.

1960 च्या दशकापासून शहरी वाद्यवृंदांनी हीच वाद्यं युरोपीय सप्तकाच्या सात सुरांत लावायला घेतली. बालिंगबिंग तिथे बहुधा बुंगकाका या नावाने ओळखलं जातं. नळ्यांची संख्या वाढली, समोर संचालक उभा राहिला आणि लोकप्रिय गाणी वाजू लागली. समर्थकांचं म्हणणं असं की त्यामुळे शाळकरी मुलांच्या हातात बांबू आला, नाहीतर तो संग्रहालयात गेला असता. हा मुद्दा हलका नाही. पण सूर बदलले की फक्त सूर बदलत नाहीत. धून आधीच ठरलेली असेल, तर वादक आपली पाळी येईपर्यंत थांबतो. शेजाऱ्याचा ठेका ऐकून आपला बसवण्याची गरज उरत नाही. वाद्य टिकलं आणि वादन सुटलं, असं याला म्हणायला हवं.

सरकारी पावलं नंतर पडली. 1992 च्या कायद्याने पारंपरिक कलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू झाला. 2000 साली तो एका कालिंगा कलावंताला आणि दक्षिणेतल्या याकान समाजातल्या एका वादकाला मिळाला. 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने समाजाचा सांस्कृतिक ठेवा त्यांच्या संमतीशिवाय नेण्याला हरकत घेतली. शाळेतल्या नळ्या कोणत्या सुरात कापायच्या, हा निर्णय मात्र शिक्षक आणि वाद्यं बनवणाऱ्यांकडेच राहिला. शाळेत कॉर्डिलेराचं संगीत शिकवताना एक सहा नळ्यांचा संच कालिंगा जाणकारांच्या कानाने लावून घेणं काही अवघड नाही. सात सुरांचा संच शेजारी खुशाल राहू द्यावा.