कोविडनंतरचा थकवा आणि डिप्रेशन: कृपया एकाच पोत्यात भरू नका

डिप्रेशन म्हणजे काय ते आता बऱ्याच जणांना माहितीये, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. दोन आठवडे किंवा जास्त मन उदास, कशात रस नाही, स्वतःबद्दल वाईटसाईट विचार, झोपेचा आणि भुकेचा बोऱ्या. झालं.

माझं डोकं फिरतं ते पुढच्या प्रकाराने. कोविड होऊन गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी माणूस महिनोन्महिने गळून गेलेला, चार ओळी वाचल्या की पहिली विसरतो, यालाच लाँग कोविड म्हणतात, आणि घरातले, शेजारचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा "मनावर घेतलंयस तू, सकाळी उठून चार किलोमीटर चालत जा" सांगून मोकळे.

साम्य आहे, नाही कोण म्हणतंय? थकवा, बिघडलेली झोप, लक्ष न लागणं दोन्हीकडे असतं. डिप्रेशनसाठी वापरतात ती पीएचक्यू-९ प्रश्नावली घ्या, तिच्यातल्या नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक, एकाग्रता हेच चार झाले, म्हणजे मन ठीक असलेला लाँग कोविडवालाही तिथे जास्त मार्क पाडून डिप्रेशनवाला ठरतो. नुसता स्कोअर बघून गोळी लिहिणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

मग ओळखायचं कसं? एक साधा प्रश्न विचारून बघा: उद्या अंगात ताकद आली तर काय करशील? लाँग कोविडवाला लगेच यादीच वाचतो, गड चढेन, राहिलेली कामं उरकेन, पोरांना घेऊन गावी जाईन. डिप्रेशनवाला बहुतेकदा गप्प बसतो, त्याला मुळात काही करावंसंच वाटत नसतं. पक्की टेस्ट नाही ही, पण दिशा कळते.

खरी मेख आहे ती दमल्यानंतर. डिप्रेशनमध्ये चालून आल्यावर बऱ्याच जणांना थोडं तरी हलकं वाटतं, तिथे व्यायाम उपचारातच धरतात. लाँग कोविडच्या बऱ्याच पेशंटचं नेमकं उलटं होतं, आज बाजारात जाऊन आले, दोन जिने चढले, दिवस मस्त गेला, आणि उद्या किंवा परवा धाडकन आडवे. तासभराची ऑनलाइन मीटिंगसुद्धा पुरते त्याला. हा दणका उशिरा येतो, अनेकदा १२ ते ४८ तासांनी, आणि काही दिवस, कधी आठवडे मुक्काम ठोकतो, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही, वर "काल तर चांगला हिंडत होतास की!" हे ऐकायचं. अशा माणसाला रोज थोडं थोडं वाढव सांगणं म्हणजे त्याला पुन्हा पाडणं. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२१ साली एमई/सीएफएस या मिळत्याजुळत्या, दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम आपल्या शिफारशींतून काढूनच टाकला. तिथे नियम वेगळा, दमायच्या आधी थांबायचं.

दोन्ही एक नाहीत हे आकडेही सांगतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १२.८ लाख कोविड पेशंटच्या नोंदी तपासल्या, श्वसनाच्या इतर आजारांच्या पेशंटशी तुलना करून. चिंता आणि उदासीच्या आजारांची वाढलेली जोखीम दोनेक महिन्यांत ओसरली, ब्रेन फॉगची, म्हणजे डोकं धुरकट होऊन विसरायला होण्याची, मात्र दोन वर्षांनीही जास्तच होती.

उलटा घोळही बघितलाय मी, डिप्रेशन म्हणायची लाज वाटते म्हणून वर्षभर "पोस्ट कोविड वीकनेस" चालू. आणि दोन्ही एकदम असू शकतात, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला माणूस उदास नाही होणार तर काय? जीव नकोसा वाटत असेल तर नाव ठरायची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, लावा.

बाकी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आधी तपासून घ्या, तिथेही बऱ्याचदा उत्तर सापडतं. आणि दोन आठवडे एका वहीत रोज काय काम केलं आणि पुढचे दोन दिवस कसे गेले एवढंच लिहा, डॉक्टरकडे जाताना ती वही न्या.