इंदूरच्या बसकामगाराला महामारीत संघटना का नव्हती

5 सप्टेंबर 2020 ला मध्य प्रदेशातल्या खासगी बस पुन्हा रस्त्यावर आल्या. सरकारची परवानगी त्याआधीच मिळाली होती, गाड्या अडवल्या होत्या मालकांनी. बंद काळाचा कर माफ करा, मगच स्टार्टर मारू, हा त्यांचा हट्ट. अखेर एप्रिल ते ऑगस्ट असा पाच महिन्यांचा कर माफ झाला आणि गाड्या सुटल्या. या ताणाताणीत एकीकडे सरकार होतं, दुसरीकडे बस ऑपरेटर. ड्रायव्हर, कंडक्टर आणि दाराला लटकून जवळच्या महू गावासाठी 'महू-महू-महू' ओरडणारा हेल्पर, या तिघांच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं.

कारण शोधायचं तर रोडवेजपर्यंत, म्हणजे जुन्या सरकारी बससेवेपर्यंत, मागे जावं लागतं.

मध्य प्रदेश राज्य सडक परिवहन निगम 1962 मध्ये स्थापन झालं. इंदूरच्या मराठी घरांतसुद्धा त्याला कुणी निगम म्हणत नसे. 'मुलगा रोडवेजमध्ये लागलाय' एवढं सांगितलं की स्थळ पुढे सरकायचं. खाकी गणवेश, डेपो, भविष्यनिर्वाह निधी आणि डेपोच्या फाटकावर युनियनचा फळा. रोडवेजचे गोडवे गाण्याचं मात्र कारण नाही. शेवटच्या काळात गाड्या इतक्या खिळखिळ्या होत्या की पावसात खिडकीशी बसणं म्हणजे शिक्षा, आणि तोटा वर्षानुवर्षं चढत गेलेला. 2005 मध्ये निगम बंद करण्याचा निर्णय झाला, माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली आणि मार्ग खासगी परवानेधारकांकडे गेले. निगमाबरोबर युनियनही गेली. तोट्याची चर्चा खूप झाली, युनियन गेल्याची फारशी कुणी केली नाही.

कायदा नव्हता असं नाही. मोटर परिवहन कामगार कायदा 1961 चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, विश्रांतीची खोली, गणवेश, प्रथमोपचार, सगळं त्यात लिहिलेलं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असतील तिथे. एका बसच्या मालकाकडे तिघंच, म्हणजे तो कायद्याबाहेर. दोन गाड्या झाल्या की सहा होतात, पण हजेरीपुस्तकच नसेल तर मोजणार कुणाला? खासगी गाडीवरचा बराचसा हिशेब फेरीवर किंवा रोजावर चालतो. गाडी उभी राहिली की मजुरीही उभी राहते.

कर मात्र कागदावर असतो. इथं बसचा कर आसनांच्या संख्येवर आणि महिन्याच्या हिशेबानं लागतो. म्हणून मालकाचं नुकसान चार ओळींत मांडता येत होतं: इतकी आसनं, इतके महिने, इतके रुपये. ड्रायव्हरची बुडालेली फेरी कुठल्याच फायलीत नव्हती. माझ्या मते करमाफीची मागणी इतकी पुढे गेली त्यात मालकांच्या एकजुटीचा वाटा होताच, पण त्यांच्या हातात आकडा होता हेही खरं.

शहर बसची गोष्ट जरा निराळी. अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट ही कंपनी डिसेंबर 2005 मध्ये उभी राहिली, 2006 मध्ये बस धावू लागल्या, आणि 2013 पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या साडेअकरा किलोमीटरच्या स्वतंत्र मार्गावर आय-बस आल्या; तो स्वतंत्र मार्ग 2025 मध्ये काढायला घेतला. देशभर या व्यवस्थेचं कौतुक झालं. तिची मेख अशी की कंपनीची स्वतःची माणसं थोडी आणि गाड्या चालवणार ठेकेदार. बसवर नाव शहराचं, पगार ठेकेदाराचा. अशा वेळी गाऱ्हाणं न्यायचं कुठे?

मे 2020 मध्ये हे सगळं एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, उघडं पडलं. महाराष्ट्रातून पायी निघालेल्या मजुरांना एसटीच्या गाड्या राज्याच्या सीमेपर्यंत आणून सोडत होत्या. सेंधव्याजवळ बिजासन घाटात हजारोंची गर्दी साचली, गाड्या पुरेनात, दगडफेकही झाली. मध्य प्रदेश सरकारकडे स्वतःचा ताफा उरलाच नव्हता, त्यामुळे मदार खासगी गाड्यांवर होती. म्हणजे सीमेच्या एका बाजूला महामंडळाचा ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला कुणा मालकाचा. गर्दी तीच, आजाराची भीतीही तीच. एसटीवाल्याचा वाटा काही गुलाबाचा नव्हता. त्यांचे 300 हून अधिक सहकारी कोरोनानं गेले, पगार रखडले, आणि 2021 च्या अखेरीस संप पेटला तेव्हा मान्यताप्राप्त संघटनासुद्धा मागे पडल्या. पण आपले किती गेले ते त्यांना सांगता तरी येत होतं. इंदूरच्या खासगी गाड्यांवरच्या माणसांची मोजदाद कुणी ठेवायची?

एप्रिल 2020 मध्ये 1897 च्या साथरोग कायद्यात अध्यादेशानं बदल झाला. जुन्या कायद्यात रेल्वेनं 'किंवा अन्य मार्गानं' प्रवास करणाऱ्यांची तपासणी होती, आता बसचं नाव त्यात आलं. आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण मिळालं, ते योग्यच. तपासायच्या बसमध्ये स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाबद्दल त्यात शब्द नाही.

मग या लोकांनी आपापलं जमवून घेतलं. ड्रायव्हरच्या पाठीमागे दोरीवर प्लास्टिकचा पडदा आला. खिडकीतून वारा शिरला की तो फडफडत मानेवर यायचा, म्हणून खालच्या टोकाला पाण्याची बाटली बांधलेली. कंडक्टर अंगठा जिभेला लावून तिकीट सुटं करायचा, ती जन्माची सवय. ती मोडायला कुणी ओल्या स्पंजची डबी ठेवली, कुणी नुसतंच पैसे घेऊन 'बसा' म्हणू लागला. हेल्परला आरोळी द्यायला मास्क हनुवटीवर ओढावाच लागे. गाडीत माणसं निम्मी, तेव्हा आधी कमी झाला तोच. आमच्या गल्लीत असा एक जण वर्षभर हातगाडीवर कांदे-बटाटे विकत होता, आणि हाळी तीच, महूच्या चालीत.

20 मार्च 2021 पासून मध्य प्रदेशानं महाराष्ट्राशी बसवाहतूक थांबवली. जळगाव-धुळ्याच्या गाड्या पुन्हा बंद झाल्या, आणि त्या मार्गावरच्या खासगी माणसांना ही दुसरी उपासमार.

याच काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, संसदेनं नवी श्रमसंहिता मंजूर केली; नोव्हेंबर 2025 मध्ये ती लागू झाली आणि 1961 चा कायदा तिच्यात विरघळला. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली, तेव्हा चहाच्या टपरीवर 'रोडवेज परत येतेय' अशी बोलणी सुरू झाली. योजनेत देखरेख सरकारी कंपनीची आहे, गाड्या खासगी मालकांच्याच.