सेंट लुईस: कमानीखालचं गावठाण

मिसिसिपीच्या पश्चिम काठावरच्या सेंट लुईस शहराची जगभरची ओळख म्हणजे गेटवे आर्च, स्टेनलेस स्टीलने मढवलेली 630 फूट उंचीची कमान. ती ज्या हिरवळीवर उभी आहे ते या शहराचं मूळ गावठाण होतं, हे मात्र फोटो पाहून कळत नाही. त्यासाठी नदीकाठचा इतिहासच उलगडावा लागतो.

1764 साली पियेर लाक्लेद हा फ्रेंच व्यापारी आणि त्याचा किशोरवयीन मदतनीस ऑगुस्त शुतो यांनी फरच्या व्यापारासाठी इथे ठाणं वसवलं. काठ उंच होता, मिसूरी नदीचा संगम जवळ होता. पण जागा काही रिकामी नव्हती. कित्येक शतकांपूर्वी मूळ रहिवाशांनी रचलेली मातीची टेकाडं तिथे होती. पलीकडच्या काठावर कहोकिया हे त्याच संस्कृतीचं मोठं नगर होतं, त्याला 1982 मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. अलीकडच्या काठाला तसं संरक्षण लाभलं नाही. शहरातलं सर्वांत मोठं टेकाड 1869 पर्यंत खणून संपवलं आणि त्याची माती रेल्वेच्या भरावात गेली. थॉमस ईस्टर्ली याने ते नाहीसं होत असताना छायाचित्रं टिपून ठेवली, म्हणून निदान त्याचं रूप आज पाहता येतं.

सेंट लुईस ज्यात येत होतं तो लुइझियानाचा प्रदेश 1803 मध्ये अमेरिकेने विकत घेतला आणि पुढे आगबोटींच्या काळात शहर झपाट्याने वाढलं. 17 मे 1849 च्या रात्री ‘व्हाइट क्लाउड’ या आगबोटीला लागलेली आग धक्क्यावर पसरली. 23 बोटी आणि चारशेहून अधिक इमारती जळाल्या. अग्निशमन दलाचा कप्तान थॉमस टार्गी याने आगीच्या वाटेतली घरं सुरुंगाने उडवायला सुरुवात केली. त्यातच त्याचा जीव गेला, पण 1834 चं कॅथेड्रल वाचलं. त्याच वर्षी पटकीने हजारो माणसं नेली. आगीनंतर लाकडी बांधकामावर बंदी आली आणि नदीकाठी वीट, दगड व ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांची देखणी व्यापारी पेठ उभी राहिली.

याच काठावरून 1874 मध्ये ईड्स पूल सुरू झाला. जेम्स ईड्सने त्याआधी एकही पूल बांधलेला नव्हता. बुडालेल्या बोटींतला माल काढताना तो पाणघंटेत बसून नदीच्या तळाशी उतरलेला होता, आणि तळाची वाळू पुरात कशी वाहून जाते हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. म्हणून पाया थेट खडकापर्यंत न्यायचा हट्ट त्याने धरला. नदीच्या तळाशी, पाणी आत येऊ नये म्हणून दाबाखाली ठेवलेल्या हवेत काम करून वर येणाऱ्या मजुरांना विचित्र आजार होऊ लागला, डझनाहून जास्त जण दगावले. पुलाचा अभिमान बाळगताना या मजुरांची आठवण ठेवलीच पाहिजे. मुख्य बांधकामात पोलाद वापरलेला हा पहिला मोठा पूल आजही वाहतुकीत आहे.

मग मंदीचा काळ आला. रेल्वेमुळे धक्क्याचं महत्त्व आधीच ओसरलं होतं. देशाच्या पश्चिमेकडच्या विस्ताराचं आणि लुइझियाना विकत घेणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं स्मारक इथे व्हावं ही वकील ल्यूथर एली स्मिथ यांची कल्पना 1933 ची. तिच्यामागे रोजगार आणि जमिनीचे पडलेले भाव सावरण्याचा हिशोबही होता. 1935 च्या कर्जरोख्यांच्या मतदानात खोटी मतं पडल्याचं वृत्तपत्राने उघड केलं, तरी काम थांबलं नाही. 9 ऑक्टोबर 1939 रोजी पाडापाडी सुरू झाली आणि तीनेक वर्षांत रस्त्यांमधल्या वस्तीचे सुमारे 40 चौकोनी ब्लॉक भुईसपाट झाले. आगीनंतर उभी राहिलेली ती लोखंडी पेठ जवळजवळ सगळी गेली. इतिहासाचं स्मारक करायचं म्हणून इतिहासाचीच वस्ती पाडली गेली. माझ्या मते शहराचं हे नुकसान 1849 च्या आगीपेक्षा मोठं होतं, कारण हे ठरवून केलेलं होतं. पुढे बरीच वर्षं तिथे गाड्या उभ्या राहत. वास्तुविशारद ईरो सारिनेनचा कमानीचा आराखडा 1948 मध्ये निवडला गेला. 28 ऑक्टोबर 1965 रोजी कमानीचा शेवटचा तुकडा बसला, तेव्हा सारिनेन हयात नव्हता.

कॅथेड्रल जागेवर राहिलं. फरचा व्यापारी मॅन्युएल लिसा याचं 1818 चं दगडी कोठार आधी जपलं, मग 1959 मध्ये रेल्वेमार्ग हलवण्यासाठी उतरवलं. कमानीसमोरचं जुनं न्यायालयही टिकलं, आणि सगळ्या शहरात मला तीच वास्तू सर्वांत मोलाची वाटते. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम दांपत्याच्या स्वातंत्र्याचा दावा तिथे चालला. 1850 मध्ये ते जिंकले, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने 1852 मध्ये तो निकाल फिरवला, आणि 1857 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं. यादवी युद्धाकडे देश ढकलला गेला त्यात या निकालाचा मोठा वाटा होता. त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर गुलामांचे लिलावही होत.

टेकाडांपैकी शहराच्या हद्दीत आता एकच उरलं आहे, शुगरलोफ. त्याचा काही भाग 2009 मध्ये ओसेज या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राने विकत घेतला आणि त्यावरचं घर पुढे उतरवलं. उरलेला भाग परत मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न त्यानंतरही चालू राहिले.