मार्क जेमतेम आहेत आणि अमेरिकेत ओटी मास्टर्सला अप्लाय करायचंय? मुंबईतून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि बाकी सगळं

"दोन केटी आहेत, एग्रीगेट ५६, अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीला (ओटी) अप्लाय करू का सोडून देऊ?" रिझल्ट लागला की हा प्रश्न येतोच येतो, आणि उत्तर देणारे पण दोनच टाईपचे, एक म्हणतो बिनधास्त टाक, दुसरा म्हणतो थ्री पॉइंट झिरो नसेल तर विसर. दोघांनी पण मार्कशीट बघितलेली नसते. आपल्याकडचे टक्के कमी म्हणून तिकडचा जीपीए (चारपैकी काढलेली सरासरी ग्रेड) कमीच निघेल असं अजिबात नसतं, आणि माझ्या बघण्यातले निम्मे अर्ज तरी मार्कांनी पडलेच नाहीत, भलत्याच प्रोग्रामला अर्ज केला किंवा कागद अर्धवट गेले म्हणून पडले. म्हणून सगळं नीट सांगते.

पहिलं, तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात ते बघा. तुमचं बीओटीएच, म्हणजे ओटीची बॅचलर डिग्री, झालंय (केईएम, सायन, नायर, नेरुळचं डी. वाय. पाटील, कुठूनही) तर तुम्ही ऑलरेडी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहात, तुमच्यासाठी पोस्ट-प्रोफेशनल मास्टर्स किंवा पोस्ट-प्रोफेशनल ओटीडी (ओटीतली डॉक्टरेट) असतं. आणि बीए सायकॉलॉजी, बीएस्सी वगैरे करून ओटीत यायचं असेल तर एंट्री-लेव्हल प्रोग्राम, जो आपल्याकडे नाहीच, महाराष्ट्रात ओटी व्हायचं तर नीट देऊन बीओटीएचलाच बसावं लागतं. एंट्री-लेव्हल मास्टर्स साधारण दोन ते अडीच वर्षं, ओटीडी तीनच्या आसपास. एसीओटीईची (अमेरिकेतल्या ओटी कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का हे त्यांच्या साइटवर जाऊन स्वतः बघा, एजंट म्हणतो म्हणून नको. दोन्हीत लेव्हल टू फील्डवर्क (प्रत्यक्ष पेशंटबरोबरचं ट्रेनिंग) कमीत कमी २४ आठवडे, ओटीडीला वर १४ आठवड्यांचं कॅपस्टोन (शेवटचं प्रोजेक्ट), आणि मग एनबीसीओटीची, म्हणजे तिकडच्या ओटी सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा, त्यानंतर ज्या स्टेटमध्ये काम करायचं तिथलं लायसन्स.

बीओटीएचवाल्यांचा इथे एक मोठा घोळ होतो. पोस्ट-प्रोफेशनल डिग्री घेतली म्हणजे एनबीसीओटीला आपोआप बसता येतं असं नाहीये. बाहेर शिकलेल्या ओटींची एनबीसीओटी वेगळी तपासणी करते, तिला ओटीईडी म्हणतात, आणि त्यात तुमची मूळ डिग्री डब्ल्यूएफओटी (ओटींची जागतिक संघटना) मान्य कॉलेजची आहे का हे बघतात. डब्ल्यूएफओटी १९५२ साली स्थापन झाली तेव्हा जे दहा देश होते त्यात भारत होता, आणि केईएमची ओटी स्कूल तर त्याच्याही आधीची, १९५० ची, कमलाबाई निंबकरांनी सुरू केलेली. त्या मूळच्या अमेरिकन. म्हणजे तिकडून आलेली विद्या घेऊन पोरं परत तिकडेच चाललीत, असो. दुसरा घोळ असा की बरेच पोस्ट-प्रोफेशनल प्रोग्राम पूर्ण ऑनलाइन असतात, आणि पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-वन (स्टुडंट) व्हिसा मिळत नाही. अर्जाची फी भरायच्या आधी एक मेल टाका, "आय-ट्वेंटी देता का?" एवढंच विचारा, व्हिसासाठी युनिव्हर्सिटीकडून लागतो तो कागद.

आता मार्क. टक्के भागिले २५ किंवा सीजीपीए भागिले अडीच करून जीपीए काढणं आजच्या आज बंद करा, त्या हिशोबाने ५६ टक्केवाल्याचा २.२ येतो आणि तो रडत बसतो. अमेरिकेतल्या शाळांना लागतं ते कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन, बहुतेकदा वेसचं (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, बाहेरच्या मार्कशीट तपासून देणारी संस्था). वेस टक्के सरळ भागत नाही, प्रत्येक विषयाचे मार्क तुमच्या युनिव्हर्सिटीच्या स्केलवर बघून त्याची अमेरिकन ग्रेड लावते. साधारण फर्स्ट क्लासचे मार्क ए कडे जातात, सेकंड क्लासचे बी च्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे ज्याला घरचे "काठावर पास" म्हणतात त्याचा तिकडे तीनच्या आसपास जीपीए निघताना दिसतो, आणि बऱ्याच प्रोग्रामची किमान अट तीनचीच असते. बीओटीएचवाल्यांनी हे पण लक्षात ठेवा की एमयूएचएसला (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) पासिंगच ५० ला आहे, तुमच्या ५५ चा अर्थ बीएच्या ५५ सारखा नसतो, पण बोस्टनमधल्या अ‍ॅडमिशन कमिटीला हे कोण सांगणार, तर ट्रान्सक्रिप्टवर ग्रेडिंग स्केल छापलेली आहे ना ते बघूनच घ्या.

तीन वर्षांच्या डिग्रीचं टेन्शन खूप जणांना असतं. नॅकची ए किंवा त्यावरची ग्रेड असलेल्या युनिव्हर्सिटीची तीन वर्षांची डिग्री, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात असेल तर वेस ती अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरते. मुंबई युनिव्हर्सिटीला २०२१ मध्ये ए प्लस प्लस मिळालंय, म्हणजे ती बाजू ठीक. कमी मार्क खरे नडतात ते इथे, पास क्लास असेल तर. तरी शेवटचा शब्द त्या त्या प्रोग्रामचा, काही जण वेसने हो म्हटलं तरी चार वर्षंच मागतात.

मग प्रीरिक्विझिट, म्हणजे अर्जासाठी आधी झालेले असायला हवेत असे विषय. माझ्या मते कमी मार्कवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण झालेलं एग्रीगेट आता बदलत नाही पण हे बदलतं. जवळपास सगळे एंट्री-लेव्हल प्रोग्राम अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन कोर्स (बरेचदा लॅबसकट), स्टॅटिस्टिक्स, अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी आणि एखादा सोशिऑलॉजी किंवा अँथ्रोपॉलॉजी मागतात. मुंबईच्या सायकॉलॉजीवाल्यांचं एसवायला डेव्हलपमेंटल झालेलं असतं, टीवायला अ‍ॅबनॉर्मल. स्टॅट्सचं मात्र लफडं आहे, आपला पेपर "सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्स" असा जोडीचा, काही शाळा चालवून घेतात, काही म्हणतात हे अर्धंच झालं. त्या वर्षीच्या सिलॅबसची पीडीएफ शोधून ठेवा आणि मेलला जोडून आधीच विचारा. अ‍ॅनाटॉमी आपल्याकडे झालेलीच नसते, ती अमेरिकेतल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन करता येते, स्वस्त नाही, पण तिथे ए आणलात तर कमिटीला पहिल्यांदा अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवर तुमची ग्रेड दिसते, आणि एफवायच्या केटीपेक्षा ती ताजी असते. मात्र गंमत म्हणून चार कोर्स घेऊन दोन अर्धवट टाकू नका, ओटीकॅस (अर्जाचं पोर्टल, पुढे सांगते) रिपीट केलेल्या कोर्सच्या सगळ्या अटेम्प्ट धरतं, जुनी ग्रेड पुसली जात नाही.

ओटीकॅस म्हणजे एंट्री-लेव्हलचा कॉमन अर्ज, एकदा भरायचा आणि पाहिजे तेवढ्या शाळांना पाठवायचा, पहिल्या शाळेची फी जास्त, पुढच्या प्रत्येकीची कमी. पोस्ट-प्रोफेशनलचे अर्ज बहुतेक थेट युनिव्हर्सिटीच्या साइटवर असतात.

कागदांमध्ये ट्रान्सक्रिप्ट सगळ्यात वेळखाऊ. मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांचं कलिना कॅम्पस, एमयूएचएसवाल्यांचं नाशिक. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, केटीच्या सुद्धा, म्हणजे नापास झालेली मार्कशीट आणि नंतर सुटलेली, दोन्ही. फक्त सुटलेली लावली की मधलं सेमिस्टर गायब दिसतं आणि तिकडून विचारणा येते, तेव्हा लपवल्यासारखं वाटतं. वेसला कागद तुमच्या हातून सुटे गेलेले चालत नाहीत, युनिव्हर्सिटीने स्वतः पाठवलेले किंवा बंद पाकिटात, पाकिटाच्या फ्लॅपवर सहीशिक्का मारलेले लागतात, सोबत वेसचा फॉर्म. ते पाकीट मिळालं की उत्सुकता म्हणून उघडू नका, उघडलं की संपलं, नवीन काढा. मुद्दाम दोन-तीन सेट एकदमच काढून ठेवा.

आणि नाव! आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं, आणि पासपोर्टवर नावाचा वेगळाच क्रम, तिथे तुमच्या नावात आईचं नाव नाहीच. अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा आणि मार्कशीटवरचं पूर्ण नाव "इतर नावं" च्या रकान्यात टाका, नाहीतर कागद पोचून पण तुमच्या फाइलला जोडले जात नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची कॉपी जोडावी.

ऑब्झर्व्हेशनचे, म्हणजे ओटीचं काम शेजारी बसून बघायचे, तास प्रत्येक शाळेचे वेगळे, काहींना वीस-तीस पुरतात, काहींना बरेच जास्त लागतात, आणि शक्यतो दोन वेगळ्या सेटिंगमध्ये. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलचे ओटी डिपार्टमेंट, स्पेशल स्कूल, लहान मुलांची क्लिनिक, एवढे पर्याय आहेत, लेखी परवानगीचं पत्र घेऊन जा. रोजच्या रोज तारीख, तास, जागा, थेरपिस्टचं नाव आणि तिचा स्टेट काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर लिहून सही घ्या, नंतर एकदम सह्या गोळा करायला जाल तेव्हा ती मॅडम दुसऱ्या हॉस्पिटलला गेलेली असते.

पण तास भरण्यापेक्षा तिथे काय बघितलं हे महत्त्वाचं, कारण पर्सनल स्टेटमेंट तिथूनच निघतं. ७५०० कॅरेक्टर मिळतात, स्पेस धरून. "मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड" हे हजार अर्जांत असतं. त्यापेक्षा हे लिहा की स्ट्रोक झालेले एक काका शर्ट घालायला शिकत होते, थेरपिस्टने आधी लुळा हात बाहीत घालायला लावला, मग चांगला, काढताना बरोबर उलटं, आणि सगळी बटणं लागल्यावर काका म्हणाले आता ट्रेनचा हँडल धरायला शिकवा, तर दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या रॉडला एक कडी अडकवली. ओटी म्हणजे काय हे तुम्हाला कळलंय, हे कमिटीला एवढ्यात समजतं. तुमचं जे असेल ते लिहा, हे कॉपी करू नका, आणि पेशंटचं नाव तर कधीच नको.

मार्कांबद्दल लिहायचं का? हो, पण तीन-चार वाक्यांत. काय झालं, कधी झालं, नंतर काय बदललं. "दुसऱ्या वर्षी वडिलांच्या आजारपणात दोन विषय राहिले, पुढच्या सेमिस्टरला सुटले, शेवटच्या दोन सेमिस्टरला फर्स्ट क्लास आहे", बस. पेपर कठीण होता, सर शिकवत नव्हते, रिव्हॅल्युएशनला अन्याय झाला, यातलं एक अक्षर नको, खरं असलं तरी. आणि कारणच नसेल, नुसताच अभ्यास केला नसेल, तर खोटं आजारपण उभं करू नका, नंतर काय सुधारलं तेच सांगा.

रेकमेंडेशन बऱ्याच ठिकाणी तीन, त्यातलं एक ओटीचं. पत्र तुमच्या हातात मिळत नाही, सर-मॅडमना पोर्टलवरून लिंक जाते, ती हमखास स्पॅममध्ये पडते, म्हणून मेल टाकल्यावर फोन करून सांगा, आणि शक्यतो कॉलेजचा आयडी द्या. "पत्र वाचायचा हक्क सोडता का" असं अर्जात विचारतात, तिथे हो करतात सगळे, पत्राला वजन येतं. मार्क कमी असतील तर एचओडीच्या मोठ्या नावापेक्षा ज्या मॅडमनी तुम्हाला वॉर्डमध्ये काम करताना बघितलंय त्यांचं पत्र घ्या.

टोफेल किंवा आयईएल्ट्स लागतं, टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो. जीआरई बऱ्याच शाळांनी काढून टाकलीय, पण जिथे ऑप्शनल आहे आणि तुमचा जीपीए काठावर आहे तिथे चांगला स्कोअर असेल तर द्यावा.

वेळेचं बघा. ओटीकॅसची नवी सायकल साधारण जुलैच्या मध्याला उघडते, बऱ्याच डेडलाइन ऑक्टोबर ते जानेवारी, आणि कित्येक शाळा रोलिंग पद्धतीने सीट भरत जातात, म्हणजे डेडलाइन जानेवारीची असली तरी ऑक्टोबरमध्येच निम्मा वर्ग भरलेला. काठावरच्या मार्कवाल्याने शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. सबमिट केल्यावर व्हेरिफिकेशनला पण काही आठवडे जातात. म्हणून ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मे-जूनमध्ये टाका, एकदा गणपती, मग दिवाळी आली की सुट्ट्यांत सगळं पुढे सरकतं. शाळा निवडताना वेबसाइटवर नुसती किमान अट बघू नका, मागच्या बॅचचा सरासरी जीपीए दिलेला असतो तो बघा, अट ३.० आणि सरासरी ३.७ असेल तर तिथे पैसे घालवू नका. काही शाळा शेवटच्या ६० क्रेडिटचा किंवा फक्त प्रीरिक्विझिटचा जीपीए वेगळा बघतात, शेवटची वर्षं बरी गेलेल्यांनी त्याच शोधाव्यात.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होतात, तिकडची दुपार म्हणजे आपली रात्र, तेव्हा घरात टीव्ही बंद करायला सांगा. मार्कांचा प्रश्न आला तर स्टेटमेंटमध्ये जे लिहिलंय तेच सांगा. अ‍ॅडमिशन झाल्यावर बँकेचे कागद दाखवून आय-ट्वेंटी, मग ३५० डॉलर सेव्हिस फी (स्टुडंट व्हिसावाल्यांच्या नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म आणि बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटची तारीख. ओरिजिनल मार्कशीट सगळ्या बरोबर न्या, केटीच्या पण.

आणि बीओटीएचवाल्यांनो, अमेरिका जमत नसेल किंवा एवढा खर्च नको असेल तर इथला एमओटीएच (ओटीची मास्टर्स) आहे, त्यासाठी स्टेट सीईटी सेलची पीजीओ-सीईटी द्यावी लागते आणि मेरिट सीईटीच्या मार्कांवर लागतं, म्हणजे कॉलेजातल्या केटीचा हिशोब तिथे होत नाही. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, काउन्सिल रजिस्ट्रेशन, डोमिसाइल, आरक्षणातून असाल तर कास्ट व्हॅलिडिटी आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर, हे आधीच काढून ठेवा. इंटर्नशिप कुठल्या तारखेपर्यंत संपायला हवी हे त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये असतं, केटीमुळे इंटर्नशिप उशिरा सुरू झालेल्यांनी फॉर्म भरायच्या आधी ती तारीख बघा.