भूक उतरवणारे सेमाग्लुटाइड आणि चरबीच्या रक्तवाहिन्या मारणारे ॲडिपोटाइड

वजन कमी करण्याच्या चर्चेत सेमाग्लुटाइड आणि ॲडिपोटाइड ही दोन नावे अलीकडे एकाच दमात घेतली जाऊ लागली आहेत. दोन्ही पेप्टाइड आहेत, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या आहेत; दोन्ही इंजेक्शनने घेतली जातात; दोन्हींमुळे वजन उतरल्याचे शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले आहेत. त्यामुळे चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्या मुलाला ॲडिपोटाइडची ओळख ‘ओझेम्पिकसारखेच, पण थेट चरबीवर काम करणारे’ अशी करून दिली (ओझेम्पिक हे सेमाग्लुटाइडचेच व्यापारी नाव), तर ती त्याला पटण्याजोगी वाटते. ही ओळख मुळापासून चुकीची आहे. एका औषधाची हजारो माणसांवर तपासलेली सुरक्षितता दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि त्या उसन्या भरवशावर माणूस स्वतःच्या पोटात सुई टोचून घेतो.

सेमाग्लुटाइड चरबीच्या पेशींना लक्ष्य करतच नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. जेवण झाल्यावर आपले आतडे जीएलपी-1 नावाचे संप्रेरक सोडते. ते रक्तात एक-दोन मिनिटेच टिकते, कारण एक विकर त्याचे लगेच तुकडे करते. सेमाग्लुटाइड हे त्याच संप्रेरकाचे बदललेले रूप आहे. त्याला जोडलेली मेदाम्लाची शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, आणि म्हणून आठवड्यातून एक इंजेक्शन पुरते. ते स्वादुपिंडाला साखरेच्या प्रमाणात इन्सुलिन सोडायला लावते आणि मेंदूतल्या भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करते. माणूस कमी खातो, आणि मग शरीर आपल्या साठ्यातून ऊर्जा काढते. चरबी घटते ती परिणाम म्हणून, आणि तिच्याबरोबर काही स्नायूही घटतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1961 जणांना 68 आठवडे तपासले गेले. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी 14.9 टक्के उतरले, तर नुसते पाण्यासारखे निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे 2.4 टक्के.

ॲडिपोटाइडचा विचार पूर्णपणे वेगळ्या दिशेने सुरू झाला, आणि तो विचार म्हणून विलक्षण होता हे मान्य करायलाच हवे. अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात वादिह अराप आणि रेनाटा पास्क्वालिनी हे संशोधक गाठींच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करत होते. गाठीला पोसणारी रक्तवाहिनी नष्ट केली तर गाठ मरते, हे कर्करोगातले तत्त्व त्यांनी चरबीला लावून पाहिले. पांढऱ्या चरबीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर प्रोहिबिटिन नावाचे प्रथिन बाहेरच्या बाजूस सापडते. या प्रथिनाला जाऊन चिकटणारा पेप्टाइडचा एक तुकडा त्यांनी शोधला आणि त्याच्या मागे दुसरा तुकडा जोडला, जो पेशीत शिरल्यावर तंतुकणिकांचे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचे, पटल फोडतो आणि पेशीला आत्मनाशाकडे ढकलतो. पहिला तुकडा पत्ता शोधतो आणि दुसरा मारतो. आगरातल्या माडांना हात न लावता त्यांना पाणी देणारा पाटच तोडावा, तसा हा बेत आहे: रक्तपुरवठा तुटला की मेदपेशी आपोआप मरतात.

2004 मध्ये लठ्ठ उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन सुमारे 30 टक्के उतरले होते. 2011 मध्ये लठ्ठ ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास आला. चार आठवड्यांच्या उपचारात त्यांचे वजन सरासरी 11 टक्के कमी झाले आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. आज विक्रेते जे आकडे दाखवतात ते याच अभ्यासातले असतात. त्याच निबंधातले मूत्रपिंडाचे निष्कर्ष मात्र ते दाखवत नाहीत. उपचार थांबल्यानंतर काही आठवड्यांतच माकडांचे वजन पुन्हा चढू लागले, हेही सांगितले जात नाही. शिवाय 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या अभ्यासात हे पेप्टाइड दिलेल्या प्राण्यांचे खाणेही घटल्याचे दिसले होते, तेव्हा ‘थेट चरबीवर’ हे वर्णनसुद्धा अर्धेच खरे आहे. पुढे वाढलेला प्रोस्टेट कर्करोग असलेल्या लठ्ठ पुरुषांवर मानवी चाचणीचा पहिला टप्पा हाती घेतला गेला, पण औषध म्हणून मंजुरीपर्यंत ॲडिपोटाइड कोणत्याही देशात पोहोचले नाही.

मूत्रपिंडाच्या मुद्द्यावर मी थोडे थांबतो, कारण आपल्या किनाऱ्यावर तो अधिक गंभीर आहे. लहान पेप्टाइड रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि तिथल्या सुरुवातीच्या नलिकांच्या पेशी ती परत शोषून घेतात. पेशी मारण्यासाठीच घडवलेला रेणू अशा रीतीने याच पेशींमध्ये साचतो. माकडांमध्ये नेमक्या याच नलिकांच्या कामात बिघाड दिसला. तो मात्रेनुसार वाढणारा होता आणि उपचार थांबवल्यावर भरून येणारा होता; पण ती माकडे प्रयोगशाळेत होती, त्यांचे रक्त आणि लघवी नियमित तपासली जात होती, आणि मात्रा तज्ज्ञ ठरवत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, रुग्ण आढळतात, आणि लेप्टोस्पायरा हा जंतू शरीरात ज्या ठिकाणी वस्ती करतो त्यांत मूत्रपिंडाच्या याच नलिका प्रमुख आहेत. गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या माणसाने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडासह लेप्टोला सामोरे जाणे, ही कल्पना मला अस्वस्थ करते.

चरबी मारून टाकणे हे चरबी वापरून संपवण्यासारखे आहे, असा समज दुसऱ्या कारणानेही घातक ठरतो. चरबीची ऊती हे नुसते ओझे नसून रक्तातली मेदाम्ले सुरक्षित साठवण्याची जागा आहे. ज्यांच्या शरीरात ही जागाच नसते किंवा ती नाहीशी होते, त्या लायपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांमध्ये चरबी यकृतात आणि स्नायूंमध्ये साचते आणि तीव्र मधुमेह जडतो. माणूस बारीक दिसतो, आजार मात्र लठ्ठपणाचेच असतात. आपल्याकडे हा धोका परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये छापले गेले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3 असा सारखाच, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. काटा फार पुढे न जाताही आपल्या पोटात चरबी असते, आणि म्हणूनच ‘फक्त पोटाची चरबी काढणारे’ असे आश्वासन आपल्याला इतके भुरळ घालते.

पोटातील चरबी घटवण्यासाठी मंजूर झालेले पेप्टाइड आहेही. टेसामोरेलिनला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली, परंतु ती एचआयव्हीबाधितांमध्ये पोटात साचणाऱ्या चरबीपुरतीच आहे. ते शरीराचे स्वतःचे वाढीचे संप्रेरक वाढवते, त्यामुळे साखर वाढू शकते, आणि कर्करोग सक्रिय असताना ते देता येत नाही. वाढीच्या संप्रेरकाच्या टोकापासून बनवलेले एओडी-9604 ऑस्ट्रेलियात चाचण्यांपर्यंत गेले, पण वजन पुरेसे उतरले नाही म्हणून 2007 मध्ये कंपनीने ते सोडून दिले. ते आजही विकले जाते.

याचा अर्थ सेमाग्लुटाइड निर्धोक आहे असा कोणी काढू नये. मळमळ, उलटी, जुलाब आणि बद्धकोष्ठता हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे क्वचित होणारे पण गंभीर त्रास आहेत. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल तर ते देत नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात सतत उलट्या झाल्या आणि पाणी पोटात गेले नाही, तर मूत्रपिंड यानेही अडचणीत येते. औषध बंद केल्यावर गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो. फरक असा की हे धोके ठाऊक आहेत, वेष्टनावर छापलेले आहेत आणि डॉक्टरांना ते कसे हाताळायचे हे माहीत आहे.

हाती येणारी वस्तूही दोन्हींची वेगळी असते. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइड या दुसऱ्या औषधाचे मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही जून 2025 मध्ये भारतात अधिकृतपणे आले. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आहेत, त्यांवर बॅच क्रमांक असतो आणि वापरण्यापूर्वी ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. प्रायोगिक पेप्टाइड मात्र ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेल्या कुपीत पूड म्हणून कुरियरने येते. तिच्यात लिहिलेलाच रेणू आहे का, किती आहे, जंतूंचे विषारी अवशेष आहेत का, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांमध्ये कित्येक दिवस वीज नव्हती; ज्या किनाऱ्यावर इन्सुलिन थंड ठेवणेही अवघड होते, तिथे ही पाण्यात मिसळलेली कुपी कुठल्या फ्रिजच्या भरवशावर ठेवायची?

मापाची चूक तर डोळ्यांदेखत होते. समजा 5 मिलिग्रॅम पूड 2 मिलिलिटर पाण्यात मिसळली. आपल्या औषधदुकानांत इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: लाल टोपीची, मिलिलिटरला 40 युनिटची आणि नारिंगी टोपीची, मिलिलिटरला 100 युनिटची. नारिंगी सिरिंजच्या एका युनिटमध्ये 25 मायक्रोग्रॅम येतात आणि लाल सिरिंजच्या एका युनिटमध्ये 62.5. परदेशी चित्रफितीतले आकडे नारिंगी सिरिंजचे असतात. ते आकडे लाल सिरिंजवर मोजले की मात्रा अडीचपट होते.

ज्यांनी असे इंजेक्शन आधीच घेतले आहे त्यांनी ते थांबवावे आणि संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, कारण नेहमीच्या तपासणीत पेप्टाइड दिसत नाही आणि न सांगितल्यास ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. क्रिॲटिनिन, पोटॅशियम, फॉस्फेट आणि लघवीतील प्रथिने व साखर यांच्या तपासणीवरून नलिकांचे काम समजते. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर दिसली, तर ती याच बिघाडाची खूण असू शकते. लघवी कमी होणे, कमालीचा अशक्तपणा, सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दुष्परिणामाची नोंद भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते. जाताना कुपी, तिचे वेष्टन आणि वापरलेली सिरिंज झाकण लावून बरोबर न्यावी, म्हणजे शरीरात नेमकी किती मात्रा गेली असेल याचा हिशेब डॉक्टरांना मांडता येईल.