वरिष्ठ-निवड श्रेणीचा प्रस्ताव: मुलांची प्रगती त्यात मोजतात का, आणि फाइलला काय काय लावायचं

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, सर बारा वर्षं पूर्ण झाली, वरिष्ठ श्रेणीला, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीला, वर्गाचा निकाल बघतात का? अट म्हणून आता बघत नाहीत. मधे दोनेक वर्षं बघत होते, त्याची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. आणि अट गेली तरी मुलांची प्रगती तुमच्या फाइलमधे मागच्या दाराने येतेच, गोपनीय अहवालातून, म्हणजे साहेब दर वर्षी तुमच्या कामावर लिहितात त्यातून. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी ती अट काय होती ते. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयात म्हटलं होतं की पहिली ते आठवीची शाळा 'प्रगत' असेल आणि शाळासिद्धीत, म्हणजे शाळेच्या सरकारी मूल्यमापनात, 'अ' श्रेणीत असेल तरच तिथल्या शिक्षकाला वरिष्ठ किंवा निवड श्रेणी, आणि नववी-दहावीला शिकवत असाल तर शाळासिद्धी 'अ' शिवाय नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं, मुलं शिकली तर गुरुजींना पगारवाढ. पण निकाल म्हणजे प्रगती नव्हे ना राव. चांगल्या वस्तीतल्या शाळेत मुलं आधीच ७० वर असतात, ती ८५ ला गेली की शाबासकी, आणि पाड्यावरची मुलं शून्यातून ५० ला आणली तर तुम्ही अपात्र. शिवाय शाळासिद्धीत ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं, त्यात इमारत, मैदान, पाणी, स्वच्छतागृह सगळंच येतं, आता स्वच्छतागृहाला दार नाही म्हणून गणिताच्या बाईंची श्रेणी अडकवायची का? पीटीचे सर आणि चित्रकलेच्या मॅडम यांनी तर दहावीच्या निकालाचं काय करायचं. आणि नववीचा निकाल शाळा स्वतःच लावते, मग अट घातल्यावर नववीत नापास कोण होणार हे सांगायला ज्योतिषी नको. २६ ऑगस्ट २०१९ च्या शासन निर्णयाने ती अट काढली. त्यामुळे कोणी क्लार्क आजही "शाळासिद्धी अ चा दाखला आणा" म्हणाला तर भांडू नका, त्या जीआरची प्रत पुढे ठेवा.

आता पात्रता. लोक अजून याला चट्टोपाध्याय म्हणतात, त्या नावाच्या शिक्षक आयोगावरून. मूळ वेतनश्रेणीत १२ वर्षं अर्हताकारी (म्हणजे श्रेणीसाठी धरली जाणारी) सेवा झाली की वरिष्ठ श्रेणी, आणि वरिष्ठ श्रेणीत आणखी १२ वर्षं झाली, म्हणजे एकूण २४, की निवड श्रेणी. पण निवड श्रेणी सरसकट सगळ्यांना नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या पदांच्या २० टक्क्यांनाच, म्हणून तिथे सेवाज्येष्ठता यादी बघतात आणि शैक्षणिक पात्रताही वाढवलेली लागते, डी.एड. वर लागलेल्या गुरुजींनी मधल्या काळात पदवी केलेली असावी. २३ वर्षं झाल्यावर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला धावणारे बरेच बघितलेत, एक वर्षात पदवी होत नाही हो. ही पदोन्नती नाही हेपण लक्षात घ्या, पद तेच, शाळा तीच, फक्त वेतनश्रेणी वरची.

दोन्हीला प्रशिक्षण सक्तीचं. हे पुण्याच्या एससीईआरटीकडून (शिक्षक प्रशिक्षण बघणारी राज्याची संस्था) होतं, आधी ऑनलाइन नाव नोंदणी, त्यात प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे गट असतात. २०२२ ला सगळं ऑनलाइन होतं, इन्फोसिसच्या स्प्रिंगबोर्ड या शिकण्याच्या साइटवर, फी २००० रुपये, त्यात व्हिडिओ बघा, स्वाध्याय करा, मग सर्टिफिकेट. जून २०२५ मधे पुन्हा प्रत्यक्ष घेतलं. नोंदणी करताना गट चुकीचा निवडला किंवा नाव सेवापुस्तकापेक्षा वेगळं टाकलं तर सर्टिफिकेट त्याच नावाने येतं आणि पुढे वर्षभर दुरुस्तीचे अर्ज. लग्नाआधीचं-नंतरचं नाव असलेल्या बायकांना हे सगळ्यात जास्त भोवतं, राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या, शाळेच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाचा नको.

मग फाइल. कव्हरिंग लेटर मुख्याध्यापकांच्या सहीचं, त्याखाली विहित नमुन्यातला प्रस्ताव, मग पहिला नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल, खाजगी अनुदानित शाळा असेल तर वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने मान्यता दिल्याचा आदेश (हा नसेल तर पुढचं काही वाचतच नाहीत), संस्थेचा ठराव, दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं आणि पदव्या, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातून लागले असाल तर जात वैधता, विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नसल्याचा दाखला, मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, बऱ्याच ठिकाणी पाच मागतात, आणि सेवापुस्तकाच्या पानांच्या साक्षांकित प्रती. बदली होऊन आला असाल तर आधीच्या जिल्ह्याचा कार्यमुक्ती आदेशही. तीन प्रती करा, एक स्वतःकडे पोच घेऊन.

सेवापुस्तकावरच सगळं अडतं. माझा स्वतःचा प्रस्ताव एकदा परत आला, वर पिवळी चिठ्ठी, "वि.वे. रजेचा खुलासा करावा". २००९ मधे आईच्या आजारपणात मी ११ दिवस विनावेतन होतो, रजा मंजूर झाली होती, आदेशही होता, पण पुस्तकात नोंद पेन्सिलने! पेन्सिलने. ती शाईने करून त्यावर सही मिळवायला चार महिने गेले, कारण तेव्हाचे साहेब बदलून गेलेले आणि नवीन साहेब म्हणे माझ्या काळातलं नाही. म्हणून प्रस्तावाच्या निदान सहा महिने आधी पुस्तक मागून पहिल्या पानापासून बघा, खाडाखोड, सुटलेली वार्षिक वेतनवाढ, वेतन आयोगाची वेतननिश्चिती पडताळणी झाल्याचा शिक्का, सगळं.

आता गोपनीय अहवाल, म्हणजे मागचं दार. खाजगी शाळांना १९८१ च्या नियमावलीतच गोपनीय अहवाल आहेत, झेडपीला पण दर वर्षी लिहितात. त्यात स्वयंमूल्यनिर्धारणाचा भाग तुम्ही स्वतः भरता आणि नव्वद टक्के लोक तिथे "समाधानकारक" लिहून मोकळे होतात. तिथे आकडे लिहा की. पायाभूत चाचणी (वर्षाच्या सुरुवातीची), संकलित एक (पहिल्या सत्राची), संकलित दोन (वर्षअखेरची), भाषा-गणित-इंग्रजीचे गुण आपण सरकारी पोर्टलवर भरतोच, तेच एका वहीत मुलागणिक आडवे लिहून ठेवले की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे एका ओळीत दिसतं. माझ्याकडे चौथीत एक मुलगी होती, आईवडील ऊसतोडीला, दिवाळीनंतर गेली ती एप्रिलमधे आली. पायाभूतला तिला जोडाक्षर येत नव्हतं, संकलित एकला काय झालं, रकान्यात "गैरहजर", आणि सरासरीत तिचा शून्य धरला तर माझा वर्ग खाली जातो. पण एप्रिलात आल्यावर तिने उतारा वाचून दाखवला, अडखळत, पण वाचला, कारण जाताना दिलेलं पुस्तक तिने फडावर लहान भावाला वाचून दाखवलं होतं. हे पोर्टलच्या कुठल्या रकान्यात बसतं? म्हणून शेवटी एक शेरा स्वतःच्या हाताने लिहायचा: पटावर किती, वर्षभर हजर किती, स्थलांतरित किती, आणि हजर असलेल्यांत कोण कुठून कुठे आलं. मुलांची नावं नका लिहू, पटावरचे नंबर लिहा. अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना पण ते सोपं जातं, त्यांना काहीतरी आधार लागतोच. आणि शेरा प्रतिकूल असेल तर तो लेखी कळवायला पाहिजे, न कळवलेल्या शेऱ्यावर प्रस्ताव अडवला तर लेखी हरकत घ्या, तोंडी नको.

फाइलचा रस्ता झेडपीत मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याला प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. अनुदानित हायस्कूलचं थेट माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, ज्युनिअर कॉलेजचं उपसंचालकांकडे. प्रत्येक टेबलाचा आवक नंबर लिहून घेत चला, "फाइल वर गेली" याला काही अर्थ नाही, कितव्या तारखेला कोणत्या नंबरने गेली ते विचारा. मंजुरीच्या आदेशात आपलं नाव आलं की श्रेणी कोणत्या तारखेपासून दिलीय ते लगेच बघा, १२ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख एक आणि आदेशात दुसरीच असं होतं, ते तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

त्यानंतर विकल्प देऊन (नवीन पगार कोणत्या तारखेपासून धरायचा ते लिहून देऊन) वेतननिश्चिती, सेवापुस्तकात नोंद, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नवीन बेसिक, आणि शेवटी मागच्या थकीत फरकाचं बिल. बेसिक दोन-तीन महिन्यांत बदलतं, फरकाला मात्र बजेट आलं की, आमच्याकडे तो पुढच्या वर्षीच्या मार्चला पडला.